छत्तीस ऑल आऊट आणि तात्पुरता चार्ज

शनिवार, १९ डिसेंबर २०२०. ऑस्ट्रेलियाविरुद्धची ॲडलेडची डे-नाईट टेस्ट आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू व्हायची, सुट्टीच्या दिवशी पोहे खात बघायला अगदी बरोबर टाइम. पहिल्या डावात ५३ चा लीड मिळालेला, रात्री एकच विकेट गेलेली, मी निवांत. पोह्यांवर लिंबू पिळून टीव्हीपुढे येऊन बसतो न बसतो तर १५ वर पाच. थोड्या वेळात सगळं आवरलं. ३६ ऑल आऊट. एकाचेही दोन आकडी रन नाहीत, मयांक अगरवालचे ९ हाच टॉप स्कोअर, हेझलवूडने ८ रन देऊन ५ काढल्या. कसोटीतला आपला सगळ्यात कमी स्कोअर. त्याआधीचा नीचांक १९७४ चा लॉर्ड्सवरचा ४२, तेव्हा कॅप्टन होते अजित वाडेकर, आणि त्या दौऱ्यानंतर ते परत टेस्ट खेळलेच नाहीत, त्यामुळे असला आकडा कॅप्टनला केवढ्याला पडतो ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

त्याच डावात कमिन्सचा बॉल शमीच्या हातावर बसला, हाड मोडलं, दौरा संपला. विराट कोहली पहिल्या बाळासाठी घरी निघाला, ते आधीपासून ठरलेलंच होतं. रोहितची हॅमस्ट्रिंग दुखावलेली, तो नुकताच ऑस्ट्रेलियात पोचून १४ दिवसांच्या क्वारंटाइनमध्ये. ईशांत शर्मा दौऱ्यावर आलाच नव्हता. म्हणजे टीम फुटलेली, मुख्य माणूस रजेवर, पुढची टेस्ट बरोब्बर एका आठवड्याने मेलबर्नला, आणि चार्ज व्हाइस कॅप्टनकडे. अजिंक्य रहाणे. ज्याने स्वतः त्या ३६ मध्ये शून्य काढलेला.

मला ही केस लिहावीशी वाटली ती या चार्ज शब्दामुळे. सरकारी ऑफिसात, बँकेत, झेडपीच्या शाळेत ज्यांनी काम केलंय त्यांना हा प्रकार पाठ असतो. प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी अधिकारी. खुर्ची तुझी नाही पण सही तुझी. चांगलं झालं तर साहेबांनी घडीच तशी बसवून दिली होती, बिघडलं तर तुझ्या काळात बिघडलं. माझ्याकडेही एकदा असा चार महिन्यांचा चार्ज आला होता, साहेब ऑपरेशनसाठी रजेवर, आणि मी काय केलं तर पहिल्याच सोमवारी मीटिंग घेतली, कामाचं वाटप बदललं, रोजच्या रिपोर्टचा नवीन नमुना काढला, सगळं मला दाखवायचं होतं की मलाही जमतं. सेक्शनला एक सीनियर मॅडम होत्या, त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, "सर, साहेब परत आल्यावर हे सगळं परत आधीसारखं करायचं ना?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. रहाणेचा तो एक महिना बघताना मला सारख्या त्या मॅडम आठवत होत्या.

विराटच्या जागी बॉलर

३६ ला टीम आटोपली की कोणीही शहाणा माणूस काय करेल, एक बॅट्समन वाढवेल. मेलबर्नला उलटं झालं. चार बदल केले: शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज दोघांचं पदार्पण, विकेटकीपर साहाच्या जागी पंत, आणि कोहलीच्या जागी रवींद्र जडेजा. जगातल्या अव्वल बॅट्समनपैकी एकाच्या जागी ऑलराउंडर, म्हणजे पाच बॉलर. हा सगळा एकट्या रहाणेचा निर्णय होता असं मी म्हणणार नाही, फिल्डिंग कोच आर. श्रीधर यांनी नंतर अश्विनबरोबरच्या गप्पांत सांगितलंय की ॲडलेडच्या त्या हारीनंतर लगेचच हेड कोच शास्त्री, कोचिंग स्टाफ आणि कोहली बसले होते, मग रहाणेशीही बोलणं झालं, आणि त्यातून बॅटिंगऐवजी बॉलिंग भक्कम करायचं ठरलं. पण गंमत अशी की हा पॅटर्न जुना आहे. मार्च २०१७, धर्मशाळा, समोर ऑस्ट्रेलियाच, सिरीज १-१, कोहलीचा खांदा दुखावलेला आणि रहाणेकडे पहिल्यांदा कसोटीचा चार्ज. तेव्हाही कोहलीच्या जागी बॅट्समन आला नव्हता, पदार्पण करणारा कुलदीप यादव आला, त्याने पहिल्या डावात चार काढल्या आणि सिरीज आपण जिंकली.

ह्यात मला जे दिसतं ते असं, की गेलेल्या माणसाची नक्कल उभी करायचा प्रयत्नच करायचा नाही. साहेब नाहीत तर कोणालातरी साहेबांसारखं वागायला लावायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. कोहलीचे रन दुसरा कोणी काढणार नाही हे एकदा मान्य केलं की मग प्रश्न बदलतो, रन कुठून आणायचे याऐवजी समोरच्याला किती रनांत आवरायचं. हे काम पाच जणांत वाटता येतं.

आणि वाटलं. मेलबर्नला पहिल्या दिवशी टॉस हरलो (तिन्ही टेस्टमध्ये टॉस हरलाय हा माणूस, ते कोणी लक्षात ठेवत नाही), ऑस्ट्रेलियाची बॅटिंग, बुमराह-उमेशने सुरुवात केली आणि पहिल्याच तासात, नवीन बॉल अजून टणक असताना, अश्विनच्या हातात बॉल. पिचमध्ये ओलावा आहे तोवरच तो वापरायचा. स्मिथ शून्यावर, लेग गलीत पुजाराच्या हातात. लेग साइडला माणसं लावून स्मिथ आणि लाबुशेनचे हक्काचे रन बंद करायचे हा प्लॅन बॉलिंग कोच भरत अरुण आणि टीमने दौऱ्याच्या कितीतरी आधी बनवलेला, रहाणेने तो बदलायची खटपट केली नाही, आहे तो नीट राबवला. मी असतो तर नवीन नमुना काढला असता.

सिराजचं बघा. पदार्पणाचा दिवस, आणि लंचपर्यंत त्याला एकही ओव्हर नाही. तेव्हा टीव्हीपुढे मी चिडलो होतो की अरे पोराला बॉल तरी दे. लंचनंतर दिला. त्याने लाबुशेनला काढलं, मग ग्रीनला. आता मागे वळून बघताना वाटतं की नवीन माणसाला पहिल्याच तासाला टेबलावर सगळ्या फायली न देणं हा पण सपोर्टच आहे, फक्त त्या माणसाला तो त्या वेळी सपोर्ट वाटत नाही. हे माझं वाचन हां, रहाणेने असा विचार केला होता की नुसता अश्विन चांगला टाकतोय म्हणून ठेवला, ते तोच जाणे.

दोन रनआउट

या केसमधला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग मैदानावर काही सेकंदांचाच आहे. त्यासाठी आधी ॲडलेडला परत जायला लागेल, पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी. कोहली ७४ वर सेट, रहाणे समोर, तीन बाद १८८, सगळं हातात. रहाणेने मिडऑफकडे बॉल ढकलला, रनसाठी हाक मारली आणि मग नाही म्हणाला. कोहली अर्ध्या पिचवर. रनआउट. तिथून डाव २४४ वर संपला. कोहलीला असं रनआउट करणं म्हणजे काय, ते आपण सगळे जाणतो, देशभर शिव्या पडल्या. रहाणेने त्याच संध्याकाळी जाऊन सॉरी म्हटलं आणि कोहलीनेही ते मोठ्या मनाने घेतलं, हे रहाणेने पुढे प्रेसला सांगितलं.

आता मेलबर्न, तिसरा दिवस सकाळ. आदल्या दिवशी तीन बाद ६४ वरून रहाणेने विहारी, पंत, जडेजा असं एकेकाला बरोबर घेत डाव वर काढलेला, शतक झालेलं. तो ११२ वर, जडेजा ४९ वर. जडेजाने कव्हरला बॉल ढकलला आणि पन्नाशीच्या एका रनसाठी धावला. रहाणे रनआउट. इथे बहुतेक कॅप्टन काय करतात? मान हलवतात, हात पसरतात, बॅट आपटतात, कॅमेरा तर त्याच्याचसाठी टपलेला असतो. हा माणूस पॅव्हेलियनकडे जायच्या आधी जडेजाकडे गेला, त्याच्या ग्लोव्हवर ग्लोव्ह मारला, काहीतरी दोन शब्द बोलला आणि मग निघाला. बस.

हा क्षण व्हायरल झाला, साधा माणूस, संस्कार वगैरे बरंच लिहून आलं. मला त्यात संस्कारांपेक्षा हिशेब जास्त दिसतो, आणि हे मी कौतुकानेच म्हणतोय. त्याला आठवडाभर आधी स्वतःला माहीत झालेलं होतं की रनआउट करणाऱ्याच्या डोक्यात पुढचे दोन तास काय चालू असतं. लीड शंभरच्या आसपास होता, अजून वाढवायचा होता, आणि तो वाढवणारा सेट बॅट्समन आता एकच होता, जडेजा. तो अपराधी वाटून पुढच्या ओव्हरला बॅट फिरवून आउट झाला असता तर चूक एकाची दोन झाली असती. त्यामुळे त्या दहा सेकंदांत करण्यासारखं एकच काम होतं, ते केलं. जडेजा ५७ करून गेला, आपले ३२६ झाले, लीड १३१, ऑस्ट्रेलिया दुसऱ्यांदा २०० मध्ये, आणि ७० चं टार्गेट आठ विकेट राखून. विनिंग शॉटच्या वेळी क्रीजवर गिल आणि रहाणेच होते.

शांत, शांत, शांत. रहाणेबद्दल हा एकच शब्द वापरून वापरून झिजवलाय लोकांनी. शांतपणाचं मला फार कौतुक नाही, खरं सांगतो. आमच्याकडे एक साहेब एवढे शांत होते की त्यांच्याकडच्या फायलीही वर्षानुवर्षं शांत पडून असायच्या. रहाणेचा शांतपणा उपयोगी पडला कारण त्या शांतपणात तो काहीतरी करत होता. नुसता चेहरा शांत ठेवून टीम उभी राहत नाही.

सिडनी

सिराजची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे तरी थोडक्यात. हैदराबादला वडील रिक्षा चालवायचे, मोहम्मद घौस, मुलाला बॉलर करायचं हे त्यांचं वेड. २० नोव्हेंबरला ते गेले, सिराज तेव्हा ऑस्ट्रेलियात क्वारंटाइनमध्ये. बोर्डाने घरी जायचं विचारलं, तो थांबला. सिडनीला ७ जानेवारीला राष्ट्रगीत सुरू असताना त्याच्या डोळ्यातून पाणी येत होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आणि अशा पोराला त्याच टेस्टमध्ये बाउंड्रीवर उभा असताना स्टँडमधून वंशद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी झाल्या, टीमने संध्याकाळी रीतसर तक्रार केली. चौथ्या दिवशी परत झाल्या, तेव्हा सिराज बाउंड्रीवरून सरळ कॅप्टनकडे आला.

इथे थांबा. आपल्या कामाच्या जागी असं काही घडलं की नव्या पोराला सगळ्यात आधी काय सल्ला मिळतो? "सोड रे, लक्ष नको देऊ, कामावर फोकस कर." सल्ला देणारा वाईट नसतो, त्यालाही प्रकरण वाढायला नको असतं. पण ऐकणाऱ्याला समजायचं ते समजतं, की हे आता माझं मी बघायचंय. रहाणे त्याला घेऊन अंपायरकडे गेला. खेळ साधारण दहा मिनिटं थांबला. पोलिस आले, सहा जणांना स्टँडमधून बाहेर काढलं. सिराजने भारतात परत आल्यावर सांगितलं की अंपायरनी मॅच सोडून जायचा पर्याय दिला होता आणि रहाणे म्हणाला की आम्ही का जायचं, आम्ही खेळणार. म्हणजे दोन्ही गोष्टी एका वेळी, तक्रार कागदावर आणली आणि मैदानही सोडलं नाही. एका नवख्या बॉलरची कुरकुर राहिली असती ती टीमची तक्रार झाली. माझ्या दृष्टीने लीडरशिपवरची शंभर भाषणं एका बाजूला आणि ती दहा मिनिटं एका बाजूला, एवढं मी भारावून म्हणू शकतो, बाकी लेखात तोलून बोलतोच आहे.

पाचवा दिवस. टार्गेट ४०७. जडेजाचा अंगठा निखळलेला, पंतच्या कोपराला लागलेलं, आणि दिवसाच्या दुसऱ्याच ओव्हरला कॅप्टन ४ करून आउट. तीन बाद १०२. अख्खा दिवस शिल्लक. ड्रॉसाठी खेळायचं तर पुढे विहारी यायला पाहिजे होता, पाठवला पंतला, डावखुरा, त्यांचा स्पिनर लायनला ठोकायला. बरं, त्याला लागलेलं असताना. तो ११८ बॉलमध्ये ९७ मारून गेला आणि तेवढ्या वेळात ऑस्ट्रेलियाने जवळचे फिल्डर लांब पाठवले, म्हणजे पुढे ज्यांना नुसतं उभं राहायचं होतं त्यांच्यासाठी जागा झाली. मग विहारीची हॅमस्ट्रिंग गेली, अश्विनची पाठ एवढी धरलेली की सकाळी सरळ उभं राहता येत नव्हतं असं त्याच्या बायकोने लिहिलं होतं. आणि हे दोघं चाळीसहून जास्त ओव्हर उभे राहिले. विहारी १६१ बॉल २३, अश्विन १२८ बॉल ३९. एक धावू शकत नाही, दुसरा वाकू शकत नाही, म्हणून विहारीने मुख्यतः एक बाजू धरली आणि अश्विनने दुसरी, आपापसात काम वाटून घेतलं. ड्रेसिंग रूममध्ये जडेजा मोडक्या अंगठ्यावर पॅड बांधून बसलेला, वेळ आलीच तर जायला. १३१ ओव्हर खेळून पाच बाद ३३४, ड्रॉ.

या दिवसात रहाणेचं योगदान काय विचाराल तर ४ रन आणि एक बॅटिंग ऑर्डर. त्यापलीकडे तो काही करूच शकत नव्हता, नंतर दिवसभर बाल्कनीत बसून होता. लीडरला हे सगळ्यात जड जातं असं मला वाटतं, आपण बाद झालोय आणि आता दुसऱ्यांच्या हातात आहे, दर दहा मिनिटांनी निरोप पाठवायचा मोह आवरणं. समोर टिम पेन, ऑस्ट्रेलियाचा विकेटकीपर आणि कायमचा कॅप्टन, प्रभारी नाही. स्टंपमागून अश्विनला गॅबाला (पुढच्या टेस्टचं ब्रिस्बेनचं मैदान) ये मग दाखवतो छाप बोलत राहिला, आणि त्याच सेशनमध्ये स्टार्कच्या बॉलिंगवर विहारीचा कॅच त्याच्याच हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः प्रेसपुढे येऊन वागण्याबद्दल माफी मागितली, ते मात्र मानायला पाहिजे.

गॅबा, म्हणजे उरलेली माणसं

ब्रिस्बेनला पोचेपर्यंत बुमराह, अश्विन, जडेजा, विहारी जखमी होऊन बाहेर (आधीचे शमी, उमेश, के. एल. राहुल वेगळे). टीम लिहिताना कोणाकोणाला घ्यायचं यापेक्षा कोण चालू शकतंय एवढाच प्रश्न. बॉलिंग बघा: सिराजच्या दोन टेस्ट, सैनीची एक, आपल्या पालघरच्या शार्दुल ठाकूरची एक, तीसुद्धा २०१८ ची जिच्यात दहा बॉल टाकून तो जखमी होऊन बाहेर गेलेला, आणि सुंदर व नटराजन दोघांची शून्य. नटराजन दौऱ्यावर आलेला नेट बॉलर म्हणून! अख्ख्या सिरीजमध्ये आपण वीस जण खेळवले. आणि मैदान असं की तिथे ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलेलीच नव्हती.

पहिल्या दिवशी रहाणेकडून सैनीच्या बॉलिंगवर लाबुशेनचा कॅच सुटला, ३७ वर, त्याने मग १०८ केले. सैनीचा जांघेचा स्नायू दुखावला, त्याची ओव्हर रोहितने एक बॉल टाकून पूर्ण केली. इतकी वाईट वेळ. तरीही नटराजन, सुंदर, शार्दुल, तिघांनी तीन-तीन काढल्या आणि ऑस्ट्रेलिया ३६९. मग आपले सहा बाद १८६ आणि सात नंबरला सुंदर, आठला शार्दुल. दोघांनी १२३ जोडले. शार्दुल ६७, सुंदर ६२. मी ते सगळं ऑफिसच्या कामाच्या खिडकीआड बघत होतो, आमच्या अख्ख्या ग्रुपवर त्या दिवशी फक्त पालघर लोकलच्या मीम.

कॅप्टन म्हणून इथे त्याने काय केलं असं शोधायला गेलं तर फार काही हाताला लागत नाही आणि मला वाटतं तेच लागायला पाहिजे. या पोरांना एकच छोटं काम दिलेलं, एका टप्प्यावर टाका, रन देऊ नका. सिनियर नाहीत म्हणून सिनियरचं ओझं त्यांच्यावर टाकलं नाही. दुसऱ्या डावात सिराजने पाच काढल्या, शार्दुलने चार. डाव संपल्यावर बॉल वर धरून सिराज सगळ्यांच्या पुढे चालत आला आणि बाउंड्रीवर त्याला मिठी मारायला जखमी बुमराह उभा होता. वडिलांच्या जाण्याला तेव्हा दोन महिने होत आले होते.

टार्गेट ३२८, शेवटचा दिवस. गिल ९१. पुजारा अंगावर बॉल घेत घेत २११ बॉल ५६. गिल गेल्यावर रहाणे आला आणि २२ बॉलमध्ये २४ मारून गेला. बघायला किरकोळ आकडा. पण त्या २२ बॉलमध्ये आतल्यांना कळलं की आपण ड्रॉसाठी बसलेलो नाही, वेगळा निरोप पाठवायची गरज राहिली नाही. मग परत पंतला पाच नंबरला पाठवलं, मयांकच्या आधी. ८९ नॉट आउट. तीन ओव्हर शिल्लक असताना हेझलवूडला समोर फोर, तीन विकेटनी जिंकलो, सिरीज २-१.

नंतर दोन गोष्टी झाल्या त्या मला ट्रॉफीपेक्षा जास्त लक्षात आहेत. एक, शंभरावी टेस्ट खेळणाऱ्या नेथन लायनला रहाणेने सगळ्यांच्या सह्यांची जर्सी दिली, आणि ट्रॉफी घेऊन लगेच नटराजनच्या हातात दिली. दुसरी ड्रेसिंग रूममधली. सगळ्या हिरोंची नावं घेऊन झाल्यावर त्याने कुलदीप यादव आणि कार्तिक त्यागीचं नाव घेतलं. दोघांनाही सिरीजमध्ये एकही टेस्ट मिळाली नव्हती. कुलदीपला सांगितलं की तुला अवघड गेलं असणार, पण तुझं वागणं चांगलं राहिलं, तुझी वेळ येईल.

जे मला खटकतं

आता हेच कुलदीपच्या बाजूने वाचा. धर्मशाळेला याच कॅप्टनने त्याला पहिली टेस्ट दिली. सिडनीला याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०१९ मध्ये त्याने पाच काढलेल्या. आणि गॅबाला अश्विन-जडेजा दोघं नाहीत, स्पिनर हवाय, तर घेतला कोणाला, सुंदरला, बॅटिंग येते म्हणून. सुंदरने ६२ आणि २२ केले, चार विकेट काढल्या, निर्णय कागदावर शंभर टक्के बरोबर. पण टीमबरोबर अख्खा दौरा कोरोनाच्या बबलमध्ये राहिलेल्या माणसाला डावलून बरोबर निर्णय घेतला की मग त्याच्यासाठी दोन चांगले शब्द एवढंच उरतं. ते शब्द बोलले गेले हे चांगलंच, बहुतेक ठिकाणी तेही बोलत नाहीत. तरी त्या व्हिडिओत मी दर वेळी कुलदीपचाच चेहरा शोधतो.

दुसरं म्हणजे त्याचं स्वतःचं काम. मेलबर्नच्या ११२ नंतर सिडनी-ब्रिस्बेनला २२, ४, ३७, २४. टीम सांभाळताना स्वतःची बॅटिंग सुटत गेली की ती आधीपासूनच सुटत होती, यावर वाद घाला हवा तेवढा. चार्जवाल्या माणसाचं हे नेहमीचं दुखणं आहे, दोन्ही टेबलं त्याचीच, आणि वर्षाच्या शेवटी रिपोर्ट मात्र त्याच्या मूळ टेबलाचा लिहिला जातो.

आणि नशीब होतंच. पेनने सिडनीत पंतचे कॅच सोडले नसते तर मी ही केस लिहायला बसलो नसतो.

रहाणे मुंबईत परतला तेव्हा माटुंग्याच्या सोसायटीत ढोल-ताशे, फुलं, आणि केक आणलेला, वर कांगारू. त्याने तो कापला नाही. समोरच्या देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे, जिंकलो म्हणून अपमान करायचा नाही, असं पुढे सांगितलं. दोन आठवड्यांनी, ५ फेब्रुवारीला, चेन्नईत इंग्लंडविरुद्ध टॉसला कोहली गेला. चार्ज परत. रहाणेचे त्या टेस्टमध्ये १ आणि ०.

त्यानंतर वर्षभर बॅट बोललीच नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला न्यूझीलंडविरुद्ध कोहली विश्रांतीवर, पुन्हा एकदा चार्ज, शेवटची विकेट पडता पडता राहिली आणि ड्रॉ. कॅप्टन म्हणून सहा टेस्ट, चार जिंकल्या, दोन ड्रॉ, हरली एकही नाही. पुढची टेस्ट ३ डिसेंबरपासून वानखेडेवर होती, त्याच्या घरच्या मैदानावर. कोहली परत आला आणि रहाणे अकरात नव्हता, हॅमस्ट्रिंगचं कारण सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात साउथ आफ्रिकेची टीम जाहीर झाली, व्हाइस कॅप्टन म्हणून नाव रोहितचं. दोन महिन्यांनी एका मुलाखतीत रहाणेने पहिल्यांदाच बोलून दाखवलं की ऑस्ट्रेलियात काही निर्णय आपण घेतले होते आणि त्याचं श्रेय दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. नाव नाही घेतलं.